उन्हात रंगणारी आणि उष्णतेत रंग न सोडणारी संयुगे : रेणूची रचना कशी ठरवावी?

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी घेतलेल्या विषयावर येथील जाणकारांशी सविस्तर बोलता यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

यांपैकी काही मुलांच्या घरी मासेमारी आहे. नायलॉनची जाळी आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोर समुद्रात जितके झिजतात, त्याहून अधिक ते किनाऱ्यावर आणि होडीवर उन्हात पडून कमजोर होतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे या बहुवारिकांच्या साखळ्या तुटत जातात आणि दोर वरून धड दिसत असतानाच त्याचे बळ गेलेले असते. दोराला बांधलेल्या एका लहान पट्टीचा रंग पाहून त्या दोराने किती ऊन खाल्ले आहे, हे सांगता येईल का, असा मुलांचा प्रश्न आहे.

प्रकाशाने रंग बदलणारी, म्हणजे फोटोक्रोमिक, संयुगे यासाठी पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात. आम्ही सहज मिळणाऱ्या नायट्रो-स्पायरोपायरानपासून सुरुवात केली. अतिनील प्रकाश पडताच त्यातील स्पायरो कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटतो, रेणू सपाट होतो आणि रंगहीन फिल्म गडद जांभळी-निळी होते. परंतु अंधारात, नुसत्या उष्णतेने, तो बंध पुन्हा जुळतो आणि रंग जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर ठेवलेली पट्टी संध्याकाळी जवळजवळ कोरी होते. आम्हाला मात्र रंग साठवून ठेवणारा रेणू हवा आहे. मासेमारी बंद असलेल्या १ जून ते ३१ जुलै या काळात जाळी शेडमध्येच असतात; तेव्हाही पट्टीवरील नोंद तशीच राहिली पाहिजे.

उष्णतेत टिकणारे रंगीत रूप मिळवण्यासाठी रेणूत नेमके काय बदलावे लागते? एखाद्या तयार संयुगाचे नाव मला नको आहे. त्यामागचे कारण मुलांना समजावे, ही माझी खरी इच्छा आहे.

भिंगवाला

माझे कुडाळ परिसरात चष्म्यांचे दुकान आहे, त्यामुळे या विषयाची एक बाजू मी रोज पाहतो. उन्हात काळ्या होणाऱ्या प्लास्टिकच्या भिंगांत मुख्यतः नॅफ्थोपायरान आणि स्पायरोऑक्साझिन या कुळांतील रंगद्रव्ये असतात. मे महिन्यात गिऱ्हाईक हमखास विचारतात की, जानेवारीच्या सकाळी भिंग छान काळे होत होते, मग आता भर उन्हात फिकट का? कारण तेच आहे. प्रकाश रंग चढवत असतो आणि उष्णता त्याच वेळी तो उतरवत असते. उकाडा वाढला की उतरण्याचा वेग वाढतो आणि दोन्हींचा तोल फिकट बाजूला जातो. चष्म्यासाठी हा गुण आवश्यक आहे, कारण घरात आल्यावर भिंग स्वच्छ व्हायलाच हवे. म्हणून सर, भिंगांची रंगद्रव्ये तुमच्या कामाची नाहीत, इतके मी खात्रीने सांगू शकतो.

सुरंगी

भिंगवाला यांनी सांगितलेला फरक हाच या शास्त्रातील पहिला विभागणीचा मुद्दा आहे. ज्यांचे रंगीत रूप उष्णतेने परत फिरते ती ‘टी’ प्रकारची, आणि ज्यांना परत आणण्यासाठी प्रकाशच लागतो ती ‘पी’ प्रकारची फोटोक्रोमिक संयुगे. मी मूळची गुहागरची, सध्या पुण्यात याच ‘पी’ प्रकारावर संशोधन करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

उष्णतेपुढे टिकणे म्हणजे परतीच्या वाटेवरचा ऊर्जेचा घाट किती उंच आहे, एवढाच हिशेब आहे. या घाटाच्या उंचीवरून, म्हणजे अडथळ्यावरून, अभिक्रियेचा वेग देणाऱ्या आयरिंगच्या समीकरणात आकडे घालून पाहा. अडथळा १०० किलोज्यूल प्रति मोल असेल, तर २५ अंश सेल्सियसला रंगीत रूपाचा अर्धायुकाल (निम्मे रेणू परतायला लागणारा वेळ) सुमारे १० तास येतो आणि ६० अंशांना तो केवळ ८ मिनिटांवर येतो. अडथळा १२० झाला, तर हेच आकडे जवळपास पावणेचार वर्षे आणि साडेसात दिवस होतात. १४० झाला, तर २५ अंशांना बारा हजार वर्षांच्या आसपास आणि ६० अंशांनाही २८ वर्षे. मुलांनी हे गणित स्वतः करावे, कारण त्यातून दोन गोष्टी ठसतात : खोलीच्या तापमानाला टिकाऊ वाटणारा रेणू पत्र्याखाली काही दिवसांत कोरा होऊ शकतो, आणि अडथळ्यातील २० किलोज्यूलची वाढ दिवसांची वर्षे करते.

आता हा अडथळा वाढवायचा कसा? ॲझोबेंझीनचे उदाहरण आधी घेते. त्याचे प्रकाशाने तयार झालेले सिस (वाकलेले) रूप खोलीच्या तापमानाला काही दिवसांत परतते. नायट्रोजनच्या शेजारील चारही ऑर्थो जागांवर फ्लुओरिन बसवल्यावर हाच अर्धायुकाल २५ अंशांना सुमारे दोन वर्षांपर्यंत गेला, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. पण या कुळात दोन रूपांच्या रंगांतील फरक नजरेला फारसा जाणवत नाही, त्यामुळे लांबून वाचता येणाऱ्या पट्टीसाठी ते पुरेसे नाही.

तुमच्यासाठी योग्य कूळ डायअरिलएथीनचे, म्हणजे एका द्विबंधाच्या दोन्ही टोकांना ॲरोमॅटिक वलये असलेल्या रेणूंचे, आहे. त्याचा पूर्वज स्टिलबीन. स्टिलबीनवर अतिनील प्रकाश पडला की मधला द्विबंध आणि दोन्ही बाजूंची बेंझीन वलये मिळून सहा पाय इलेक्ट्रॉनांची साखळी बंद होते आणि डायहायड्रोफेनान्थ्रीन हे रंगीत रूप तयार होते. त्याला दोन रोग आहेत. हवेतील ऑक्सिजन त्याचे हायड्रोजन काढून घेतो आणि ते कायमचे फेनान्थ्रीन होऊन बसते. हा रोग त्या कार्बनांवर मिथाइल गट बसवून बरा होतो. पण तरीही रंगीत रूप खोलीच्या तापमानाला काही मिनिटांतच उलगडते, आणि हा दुसरा रोग मिथाइलने बरा होत नाही.

जपानमधील मासाहिरो इरिए यांनी १९८८ मध्ये यावर दिलेले उत्तर मला आजही फार सुंदर वाटते. वलय बंद होताना दोन्ही बाजूंच्या ॲरोमॅटिक वलयांना आपली ॲरोमॅटिकता, म्हणजे वलयभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे मिळणारे स्थैर्य, गमवावी लागते. बेंझीनसारखे वलय यात फार मोठे स्थैर्य गमावते, म्हणून बंद रूप ऊर्जेच्या दृष्टीने खूप उंचावर जाऊन बसते आणि तिथून परतीचा घाट ठेंगणा उरतो. थायोफीनसारख्या वलयाची ॲरोमॅटिकता मुळात कमी असल्याने त्याचे नुकसानही कमी होते. गणनेनुसार हे नुकसान फिनाइलसाठी सुमारे २८ किलोकॅलरी प्रति मोल, पायरोलसाठी सुमारे १४, फ्युरानसाठी ९ आणि थायोफीनसाठी ५ पेक्षाही कमी आहे. म्हणून फ्युरान व थायोफीन यांची बंद रूपे टिकतात आणि फिनाइलची टिकत नाहीत. मध्ये परफ्लुओरोसायक्लोपेंटीन (हायड्रोजनऐवजी फ्लुओरिन असलेले पाच कार्बनांचे वलय) आणि दोन्ही बाजूंना फिनाइल जोडलेले मिथाइलथायोफीन असलेल्या रेणूच्या बंद रूपाचा, उच्च तापमानावरील वेगांवरून काढलेला, ३० अंशांचा अर्धायुकाल सुमारे १,९०० वर्षे येतो.

अशी वलये जुळता-उघडताना टोके कोणत्या दिशेने वळू शकतात हे सांगणारे वुडवर्ड-हॉफमन नियमही येथे मदत करतात. प्रकाशाने वलय बंद होताना दोन्ही टोके एकाच दिशेने वळतात आणि दोन मिथाइल गट विरुद्ध बाजूंना जातात. उष्णतेने उघडण्यासाठी टोकांनी परस्परविरुद्ध दिशांना वळावे लागेल, आणि तिथे त्या गटांची अडचण होते. समदिश वळण्याला तळ-अवस्थेत कक्षकांची सममिती परवानगी देत नाही. मात्र हे नियम फिनाइललाही लागू आहेत, तरी ते टिकत नाही. त्यामुळे निर्णायक मुद्दा ॲरोमॅटिकतेचाच मानावा, असे माझे मत आहे.

रचना ठरवताना काय टाळावे, हेही लिहून ठेवते. ज्या दोन कार्बनांमध्ये नवा बंध होतो, त्यांवर आयसोप्रोपिलसारखे बोजड गट बसवले की तो बंध ताणला जातो आणि उष्णतेने लवकर तुटतो. थायोफीनच्या पाचव्या जागेवर डायसायनोव्हिनाइलसारखा फार जोराने इलेक्ट्रॉन ओढणारा गट लावला, तर रंग लाल-निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, पण टिकाऊपणा घसरतो. आकर्षक रंगाच्या मोहात पुष्कळ जण हा गट लावतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

गंधक

सुरंगीताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी लोटे-परशुराम भागातील रासायनिक उद्योगात प्रक्रिया विकासाचे काम करतो, त्यामुळे माझी नजर चाचणीकडे जाते.

‘उष्णतेत टिकते’ या एका वाक्यात तीन वेगळी विधाने लपलेली असतात आणि ती वेगळी न केल्यास प्रयोगाचा अर्थ लागत नाही. रंगीत रूप परत फिरत नाही, हे पहिले. रेणू स्वतः विघटित होत नाही, हे दुसरे. आणि ज्या प्लास्टिकमध्ये तो मिसळला आहे ते मऊ पडत नाही, पिवळे होत नाही, हे तिसरे. पट्टी फिकट झाली म्हणजे पहिलेच घडले, असे धरून चालू नये.

यासाठी रंगवलेला नमुना अंधाऱ्या ओव्हनमध्ये किमान तीन तापमानांना, समजा ८०, ९० आणि १०० अंशांना, ठेवून ठरावीक वेळाने वर्णपट घ्यावा. रंगीत रूप केवळ उघड्या रूपात परतत असेल, तर सगळे वर्णपट एका समशोषण बिंदूतून (जिथे दोन्ही रूपांचे शोषण सारखे असते) जातात. तो बिंदू सरकू लागला, तर तिसरेच काही तयार होत आहे असे समजावे आणि द्रव क्रोमॅटोग्राफीने तपासावे. वेगस्थिरांकाचा लॉगॅरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख सरळ आला, तरच तो ४० अंशांपर्यंत वाढवून अंदाज सांगावा.

फिल्मच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट आणि पॉलिस्टायरीन यांचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे काचेसारखे कडक प्लास्टिक ज्याच्या वर मऊ होते ते तापमान, १०० अंशांच्या आसपास आहे. त्याखाली रेणूंना मिळणारी मोकळी जागा सर्वत्र सारखी नसते, म्हणून काही रेणू लवकर परततात, काही अडकून राहतात, आणि घट एका साध्या घातांकी वक्रात बसत नाही. काचसंक्रमणाच्या वरचे आणि खालचे आकडे एकाच रेषेवर मांडू नयेत. आधी टोल्युईनमधील द्रावणात मोजणी करून मग फिल्मकडे वळावे, हे बरे.

रापण

मी मालवणकडचा, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी चालते. रसायनशास्त्र माझा विषय नाही, तरी सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले आणि दोन शंका आल्या.

पहिली शंका अशी की, सुरंगीताई म्हणतात या रंगाला परत फिरवायला प्रकाशच लागतो. पण आमची जाळी तर दिवसभर प्रकाशातच असतात. मग जो प्रकाश रंग चढवतो तोच तो उतरवणार नाही का? दुसरी शंका, जाळी कधी उघड्यावर असतात, कधी ताडपत्रीखाली. पट्टी जर फक्त शेवटच्या तासाभराचे ऊन दाखवणार असेल, तर ती आम्हाला उपयोगी नाही.

सुरंगी

रापणदादा, या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे.

साध्या डायअरिलएथीनचे रंगीत रूप दृश्य प्रकाशाने उघडते. सूर्यप्रकाशात अतिनील भाग थोडा आणि दृश्य भाग पुष्कळ असतो, त्यामुळे भर उन्हात चढणे आणि उतरणे एकाच वेळी चालू राहते व रंग एका समतोल पातळीला थांबतो. ती पातळी त्या क्षणीच्या प्रकाशाचे मिश्रण दाखवते, साठलेली मात्रा नव्हे. अतिनील किरण अडवणाऱ्या पण दृश्य प्रकाश सोडणाऱ्या आडोशाखाली तर रंग नुसता उतरतच जाईल. म्हणजे उष्णतेपुढे कितीही टिकाऊ रेणू घेतला, तरी एवढ्यावर काम होत नाही.

यावरचा उपायही रचनेतच आहे. बंध जुळणाऱ्या दोन कार्बनांवर मिथाइलऐवजी मिथॉक्सी गट बसवला, तर दृश्य प्रकाशाने वलय उघडण्याची क्वांटम लब्धी कमालीची कमी होते. काही रेणूंत ती १०⁻⁵ च्या घरात मोजली गेली आहे, म्हणजे शोषलेल्या लाखभर प्रकाशकणांमागे एक-दोन रेणूच उघडतात. अतिनील प्रकाशाने वलय बंद होणे मात्र चालूच राहते. असा रेणू रंग साठवत जातो. तिथे मिथॉक्सीच ठेवावा. आयसोप्रोपॉक्सी किंवा सायक्लोहेक्सिलॉक्सी यांसारखे मोठे गट घेतले, तर प्रकाशाने रंग जाणार नाही पण तापवल्यावर जाईल. पट्टी भट्टीत तापवून पुन्हा कोरी करायची असेल, तर तो गुण कामाला येतो. तुमच्या शेडसाठी तो धोक्याचा आहे.

कातळसडा (धागाकर्ता)

रापण यांचे मनापासून आभार. मुलांना हा प्रश्न सुचला होता, पण आम्ही त्याची धार ओळखली नव्हती.

आता पुढची अडचण मांडतो. डायअरिलएथीनची पातळ फिल्म भर उन्हात काही मिनिटांतच पूर्ण रंगते. एकदा सगळे रेणू बंद झाले की पट्टीला पुढचे ऊन दिसणारच नाही. म्हणून फिल्मवर अतिनील किरण शोषणारा थर देऊन प्रकाश कमी करावा लागेल. समजा, उघडी फिल्म एका मिनिटात भरते. शोषणांक ३ असलेला थर अतिनील प्रकाशाचा हजारावा भाग आत सोडतो, तेव्हा तिला भरायला हजार मिनिटे, म्हणजे सतरा तासांच्या आसपास कडक ऊन लागेल. दिवसाचे सहा तास धरले तर जेमतेम तीन दिवस. संपूर्ण हंगामासाठी शोषणांक ५ च्या जवळ न्यावा लागेल, आणि तिथे थरातील एखादे सूक्ष्म छिद्रसुद्धा सगळा हिशेब बिघडवील. शिवाय तो शोषक थरही उन्हाने हळूहळू खराब होतो.

यावरून मला असे वाटते की, एका पट्टीने अख्खा हंगाम मोजण्याचा आग्रह सोडावा. शोषणांक ३.५ ते ४ च्या दरम्यान ठेवून दहा दिवस ते महिनाभराची मात्रा मोजणारी पट्टी करावी आणि ती बदलत राहावी. काढलेली पट्टी वहीत चिकटवून ठेवली, तर हंगामाच्या शेवटी बेरीज करता येते. वहीतील पट्ट्यांचा रंग मे महिन्याच्या उकाड्यातही टिकला पाहिजे, म्हणून सुरुवातीचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा राहतो.

संश्लेषणाबद्दल कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे साधी प्रयोगशाळा आहे.

गंधक

सर, परफ्लुओरो रेणूंचा नेहमीचा मार्ग असा : ब्रोमोथायोफीनवर उणे ७८ अंशांना ब्युटिल लिथियम, आणि त्यावर ऑक्टाफ्लुओरोसायक्लोपेंटीन. हा शेवटचा पदार्थ २७ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्याकडे बाटली उघडताच उडू लागतो. ब्युटिल लिथियम हवेत पेट घेऊ शकते आणि पाण्याशी जोराने अभिक्रिया करते. कोकणातील दमट हवेत, नायट्रोजनची पक्की सोय नसताना, विद्यार्थ्यांच्या हाती हा मार्ग देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

दुसरा मार्ग नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांच्या गटाने १९९० च्या दशकात विकसित केला. याच फेरिंगांना पुढे रेणवीय यंत्रांसाठी २०१६ चे नोबेल विभागून मिळाले. २-क्लोरो-५-मिथाइलथायोफीन आणि ग्लुटारिल क्लोराइड यांची फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया करून डायकीटोन मिळवायचा आणि मॅकमरी अभिक्रियेने, टायटॅनियम क्लोराइड व जस्त वापरून, मधले पाच कार्बनांचे वलय जुळवायचे. येथेही कोरडे द्रावक आणि निष्क्रिय वायू लागतातच, पण काम पुष्कळ आटोक्यात राहते. वारंवार रंगणे-उतरणे सोसण्याची ताकद फ्लुओरिन नसलेल्या या रेणूंत कमी असते; आपली पट्टी एकदाच भरायची असल्याने मला ते चालण्यासारखे वाटते. मिथॉक्सी रेणू मात्र या मार्गाने सरळ मिळत नाही, त्यासाठी एखाद्या संशोधन संस्थेचे सहकार्य घ्यावे.

सुरंगी

गंधक यांच्याशी पूर्ण सहमत आहे, एक पुरवणी जोडते. अतिनील प्रकाश सतत पडत राहिला, तर बंद रूपातून एक सहा-सदस्यीय जोडवलयाचा उपपदार्थ हळूहळू तयार होतो. त्यालाही रंग असतो, आणि तो दृश्य प्रकाशानेही परतत नाही व तापवूनही नाही. थायोफीनच्या चौथ्या जागेवर मिथाइल गट ठेवल्यास हा उपपदार्थ पुष्कळ रोखला जातो. पट्टीच्या अखेरच्या टप्प्यातील रंगछटा अपेक्षेपेक्षा वेगळी दिसली, तर संशय प्रथम याच्यावर घ्यावा.

संश्लेषणाआधी मुलांनी संगणकावर उघड्या आणि बंद रूपांच्या ऊर्जा काढाव्यात. ऑर्का ही प्रणाली शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे. फिनाइल, फ्युरान आणि थायोफीन या तिन्हींची बंद रूपे उघड्या रूपांपेक्षा किती उंच येतात, एवढे पाहिले तरी इरिए यांचा क्रम त्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल. संक्रमण अवस्थेची ऊर्जा काढायला घाई करू नये. तिथे द्विमूलकी स्वरूप (दोन इलेक्ट्रॉन जोडी न करता राहणे) येते आणि सगळे इलेक्ट्रॉन जोडीने धरणारी साधी बंदिस्त-कक्षक गणना दिशाभूल करते.

रापण

पट्टी बांधायला आमच्या होड्या उपलब्ध आहेत. फक्त ती दोराच्या गाठीजवळ नको, तिथे घासली जाते. तरंगत्या बोयांच्या वरच्या बाजूला ऊन अखंड मिळते. मिठाचा थर चढतो, तो प्रकाश अडवील, म्हणून आठवड्याने गोड्या पाण्याने पुसायला हवी असे मला वाटते. तशी सूचना पट्टीसोबत मराठीत छापून द्यावी.

कातळसडा (धागाकर्ता)

सूचना अगदी योग्य आहे, आणि मिठाच्या थराचा परिणाम आम्ही प्रयोगशाळेत वेगळा मोजू.

कामाचा क्रम आता असा ठरवत आहे. आधी गणना, त्यानंतर मॅकमरी मार्गाने क्लोरो-मिथाइलथायोफीनचा साधा रेणू करून त्यावर अंधाऱ्या ओव्हनमधील मोजणी, आणि तोवर मिथॉक्सी रेणूसाठी सहकार्याचा शोध. साधा रेणू दृश्य प्रकाशाने उतरणारच, तरी उष्णतेचा प्रश्न त्यावर स्वच्छपणे तपासता येईल, कारण अंधारात एकच वाट उरते.

बोयावर प्रत्येक वेळी तीन पट्ट्या शेजारी-शेजारी बांधू. एक उघडी. दुसरी कोरीच, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळलेली. तिसरी आधीच पूर्ण रंगवून तशीच गुंडाळलेली. दुसरीवर रंग आला, तर प्रकाश कुठून तरी आत शिरला आहे असे कळेल. तिसरीचा रंग उतरला, तर तो उष्णतेने किंवा विघटनाने गेला आहे, आणि उघड्या पट्टीच्या आकड्यात तेवढी दुरुस्ती करावी लागेल. तिन्हींचे वर्णपट आले की ते याच धाग्यावर मांडतो.

गंधक

गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या आत तापमान दाखवणारे लेबल ठेवा, सर. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, त्यामुळे त्या उघड्या पट्टीपेक्षा थंड राहतील आणि उष्णतेने होणारी घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. पत्र्याला बाहेरून पट्टीच्याच रंगाचा लेप दिला, तर हा फरक बराच कमी होईल.

कातळसडा (धागाकर्ता)

मान्य. लेप आणि लेबल दोन्ही करतो.